ग्रंथीसरांच्या घरातला अबोला

माझ्या गळ्याकडे इतकं टक लावून माझ्या नवऱ्यानेही कधी पाहिलं नव्हतं. लग्नाला सहा महिने झाले होते आणि आम्ही उमेळ्याला भाड्याच्या खोल्या बघायला गेलो होतो. मी मूळची कऱ्हाडकडची. वसईतल्या एका शाळेत कारकुनाची जागा मिळाली म्हणून ह्या मुलखात आलेली. घरमालक पडवीत आरामखुर्चीत बसले होते. अंगात बनियन, खाली पांढरा लेंगा, दोरीने गळ्यात अडकवलेला चष्मा. त्यांनी आमचं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. आत तोंड करून "पाणी" एवढंच म्हणाले. बऱ्याच वेळाने एक बाई हळूहळू चालत दोन पेले घेऊन आल्या, आणि ठेवून तशाच हळूहळू आत गेल्या.

"प्या," ते मला म्हणाले. "हनुवटी वर करा. एक घोट. गिळा. आता दुसरा."

मी परीक्षेला बसल्यासारखी पाणी गिळत होते आणि तो सत्तरीतला माणूस चष्मा चढवून, पुढे वाकून माझा गळा न्याहाळत होता. नवऱ्याने जोरात घसा खाकरला. "खाकरू नका, तुमचंही बघायचंय," ते म्हणाले. मग त्याच्याही गळ्याची तपासणी झाली. शेवटी ते मागे टेकले. "गिळताना वरखाली होते ती अवटू ग्रंथी. म्हणजे तुमची थायरॉइड. वाढली असेल तर अशी पाणी पिताना पकडता येते. तुमची दोघांची ठीक आहे. सामान कधी आणताय?"

खोल्या आम्हाला मिळाल्या त्या अशा, गळ्यावर.

ते जीवशास्त्राचे निवृत्त शिक्षक होते आणि उमेळ्यापासून निर्मळपर्यंत त्यांना सगळे ग्रंथीसर म्हणत. तोंडावर नुसतं 'सर'. पुस्तकात ग्रंथींचा धडा एकच, पण सर तो शाळा उघडल्यापासून दिवाळीपर्यंत शिकवत आणि उरलेलं शरीर उरलेल्या वेळात बसवत. पचनसंस्था म्हणे एका तासात उरकायचे. हृदयाला तर ते फारसं मोजतच नसत. "पंप आहे. कोणीतरी सांगतं तसा चालतो. सांगतं कोण ते बघा," असं म्हणायचे. पडवीच्या भिंतीवर त्यांनी स्वतः रंगवलेला माणसाचा तक्ता होता. त्यात हातपाय नावापुरते आणि ग्रंथी लालभडक. ओल लागून रंग उतरले होते, त्यामुळे त्या माणसाच्या स्वादुपिंडाचा एक ओघळ पार गुडघ्यापर्यंत आला होता. नवा माणूस आला की दचकायचा.

घरामागे त्यांची वाडी होती. केळी, थोड्या पानवेली, सरांच्या पत्नीचे, म्हणजे काकींचे, सोनचाफे, आणि मधोमध बावखल, म्हणजे वाडीला पाणी पुरवणारं ते जुनं तळं. आजूबाजूच्या वाड्यांवर इमारती उभ्या राहिल्या होत्या. सरांची तेवढी अजून हिरवी. शिकवणीची मुलं आली की सर त्यांना तक्त्यापुढे न बसवता थेट वाडीत न्यायचे. पंप चालू करायचे, पाटातून पाणी सुटायचं. "हे रक्त," ते सांगत. "ह्यात संप्रेरक सोडलं. ते सगळ्या वाफ्यांच्या दारावरून जातं. पण पाणी कुठल्या वाफ्यात शिरलं? ज्याचं तोंड उघडं होतं त्याच्यात. बाकीच्यांना पत्ताही नाही. पायाच्या अंगठ्यावरून मेंदूचा निरोप रोज जातो, अंगठा म्हणतो का काही?" मग टाकी भरून पंप आपोआप बंद पडला की आनंदाने टाळी वाजवायचे. "पुरे झालं हे टाकी पंपाला सांगते! शरीरात पण हेच. पुरे झालं असं वरच्या साहेबाला सांगायची सोय आहे. तुमच्या मुंबईच्या ऑफिसात आहे का अशी सोय?" हा शेवटचा प्रश्न माझ्या नवऱ्याला असायचा. तो बिचारा डबा घेऊन निघालेला असे.

सरांच्या मते माणसाचा राग वीस मिनिटं टिकतो. मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथीतून जे काही सुटतं त्याचा जोर तेवढाच. त्याच्यापुढचा राग माणूस हौसेने ओढत नेतो. हा सिद्धांत त्यांनी वसई स्टेशनाबाहेर माझ्यादेखत सिद्ध करायचा प्रयत्न केला. शेअर रिक्षात आम्ही बसलो, सरांच्या मांडीवर केळीचा अख्खा घड. रिक्षावाला भडकला. घडाने एका माणसाची जागा अडवली होती, आणि खरं सांगायचं तर दीड माणसाची. तो ओरडायला लागला तसं सरांनी खिशातून घड्याळ काढलं.

"बोला तुम्ही. बरोबर दहा वाजून पाच मिनिटं."

"ओ काका, टाइम काय बघता? मी काय बोलतोय!"

"तेच बघतोय. घाम आला. बुबुळं मोठी झाली. छान. चालू द्या, अजून अठरा मिनिटं आहेत."

भोवती माणसं जमली. रिक्षावाला ओरडायचा, थांबायचा, घड्याळाकडे बघायचा. सातव्या मिनिटाला त्याला इतकं ओशाळं वाटलं की त्याने मुकाट्याने रिक्षा सुरू केली. सर मात्र उमेळ्यापर्यंत हिरमुसलेले. "वेळेआधी उतरला. प्रयोग वाया गेला," म्हणत होते. उतरताना त्यांनी घडातली सहा केळी मोडून त्याला दिली.

दुसरा किस्सा असा: शेजारचा एक तरुण पोलीसभरतीसाठी उंची वाढावी म्हणून रोज सकाळी आंब्याच्या फांदीला लोंबकळायचा, आणि त्याचे वडील खालून पाय ओढायचे. सरांनी कुंपणावरून पाहिलं आणि तसेच लेंग्यात धावले. "अहो, तो काय पडवळ आहे, दगड बांधून लांब करायला? ह्याची हाडांची टोकं केव्हाच बंद झाली! पियुषिकेला जे करायचं ते तिने करून ठेवलंय!" वडील म्हणाले, "सर, ही पियुषिका कोण? आमच्या पोराचं नाव कोणाशी जोडू नका." पियुषिका म्हणजे मेंदूखालची, उंची वाढवणारी ग्रंथी. हे सांगताना सर स्वतःच इतके हसायचे की त्यांना ठसका लागे.

असा हा माणूस. पोराची झोप, सासूची कटकट, गावच्या पुढाऱ्याची ढेरी, सगळ्यामागे कुठली ना कुठली ग्रंथी दाखवणारा. कोणाला दोष द्यायचाच नाही, ग्रंथीला द्यायचा. त्यामुळे माणसं त्यांच्याकडे येऊन हलकी होऊन जायची. आणि ह्या माणसाशी त्याची बायको दीड वर्ष बोलत नव्हती.

हे मला आठवड्याभरातच कळलं, कारण मला कामच ते लागलं. सर आमच्या दारात येऊन म्हणायचे, "काकींना विचारा, भाजी कुठली आणू." काकी पंधरा पावलांवर स्वयंपाकघरात. मी जायची, विचारायची, उत्तर आणायची. एकदा मी वैतागून म्हटलं, सर, तुम्हीच विचारा की. ते गंभीरपणे म्हणाले, "संप्रेरक म्हणजे काय? निरोप्या. एका ठिकाणी निघतो, दुसऱ्या ठिकाणी काम करतो. ह्या घरात ते काम तुम्ही करताय. शरीर चालायला हवं ना?" मला हसू आलं, पण त्यांच्या चेहऱ्यावर ते नव्हतं. संध्याकाळी ते पडवीत एकटे बसून स्वयंपाकघरातल्या भांड्यांचा आवाज ऐकत बसायचे, तेव्हा मला त्यांची फार कीव यायची.

कारण त्यांच्या लेखी स्पष्ट होतं. खोल्या बांधताना त्यांनी काकींना न विचारता एक सोनचाफा तोडला होता. काकींचा चाफ्यांवर जीव. रोज पहाटे फुलं काढून विकायला वाटे बांधायच्या. चाफा गेला आणि त्या वर्षापासून काकी गप्प होत गेल्या. मी म्हटलं, "पण सर, राग वीस मिनिटं टिकतो ना?"

"राग! हा राग नाही, हा अबोला आहे. अबोला ग्रंथीत नसतो, तो माहेराहून येतो. ती निर्मळची. तिची आई एकदा पाहुण्यांवर सहा महिने रुसली होती. त्या घरात हे शिकवतात."

जगातल्या एकूण एक माणसाला ग्रंथीची सूट देणाऱ्या ह्या गृहस्थांनी एकट्या आपल्या बायकोला ती दिली नव्हती. तिचं सगळं त्यांना मुद्दाम वाटायचं. मे महिन्यात, घामाने आमचे कपडे अंगाला चिकटत असताना, काकी स्वेटर घालून वावरायच्या. सर मला हळूच सांगायचे, "टोमणा आहे. ह्या घरात ऊब राहिली नाही असं सुचवतेय." काकींचा चेहरा सुजलेला दिसायचा. सर म्हणायचे, "तोंड बघा कसं फुगवलंय." आवाज घोगरा झाला होता. "बोलणं सोडल्यावर बसणारच." डाळीत मीठ नसायचं, कधी दोनदा असायचं. "हे तर सरळ सरळ माझ्यासाठी."

मनधरणीही ते आपल्या परीने करत होते. चाफ्याची तीन कलमं आणून लावली. एक साडी आणली, तिचा रंग त्या तक्त्यातल्या ग्रंथींसारखा लाल. पोहे करायला शिकले आणि पहिल्यांदा केलेले पोहे आम्हा सगळ्यांना दोन दिवस पुरले. काकी प्रत्येक गोष्टीकडे नुसत्या बघायच्या. मग सर आणखी खचायचे आणि खचले की ताठ व्हायचे. "मीही बघतो," म्हणायचे. काय बघणार होते देव जाणे.

खरी गोष्ट मला आधी कळायला हवी होती. निरोप पोचवायला मी जायची तेव्हा काकी मला उत्तर द्यायच्या, फक्त वेळाने. "काकी, भाजी कुठली?" विचारलं की त्या हातातलं काम तसंच धरून राहायच्या, आणि मी निघणार तोच खालच्या आवाजात यायचं, "मेथी... आण बोल." एकदा तर सर स्वतःच धीर करून दारात आले. "बरं वाटतंय ना?" त्यांनी विचारलं. दोन श्वास थांबले, उत्तर आलं नाही, मान ताठ करून निघून गेले. ते गेल्यावर काकी म्हणाल्या, "नाय वो, लय थकायला होतं." त्या मोकळ्या दाराशी बोलत होत्या. मी तेव्हाही मनात म्हटलं, म्हातारपण. मी काय, जीवशास्त्रात कशीबशी पास झालेली.

पण जुलैतली ती शिकवणी माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. पावसामुळे मुलं वाडीत न जाता पडवीत बसली होती. दहावीची आठ-दहा पोरंपोरी. मी सुट्टीवर होते आणि तिथेच बाजूला तांदूळ निवडत होते. सर तक्त्यापुढे छडी घेऊन उभे, पाठ घराच्या दाराकडे.

"आता अवटू ग्रंथी कमी काम करायला लागली तर काय होईल? अख्ख्या शरीराची गती हिच्या हातात. लिहा. एक, माणसाला थंडी वाजते, सगळ्यांना उकडत असताना."

दारातून काकी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या. अंगात स्वेटर.

"दोन, चेहरा सुजतो. डोळ्यांखाली विशेष."

एका पोरीने मान वर केली, काकींकडे पाहिलं, मग वहीकडे पाहिलं.

"तीन, आवाज घोगरा. चार, हालचाल मंद. पाऊल उचलायला वेळ लागतो."

काकी पाऊल उचलत होत्या. दारापासून टेबलापर्यंत सहा पावलं असतील. त्यांना ती संपता संपेनात. आता सगळी मुलं लिहायचं सोडून त्यांच्याकडेच बघत होती.

"पाच, विसरभोळेपणा. सहा, भुवयांची टोकं विरळ होतात. सात, माणूस बोलत नाही, म्हणजे बोलतो, पण इतक्या वेळाने की... अरे, इकडे लक्ष द्या! तिकडे काय आहे?"

पहिल्या रांगेतल्या पोरीने हात वर केला. "सर... काकी."

सर वळले. काकी ट्रे ठेवत होत्या. दहा कपांपैकी चार रिकामे होते, चहा ओतायचाच राहिला होता. सरांनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि मी शपथेवर सांगते, त्यांना काहीही दिसलं नाही. "काकींचं वेगळं आहे," ते मुलांना म्हणाले. "काकी रागावल्यात. आठवा मुद्दा लिहा."

मला इतका संताप आला की तांदळाचं सूप मी खाली आपटलं. मुलं गेल्यावर मी सरळ विचारलं, "सर, काकींचं रक्त तपासून घ्यायचं का?" सर दुखावले. "मी जन्मभर हेच शिकवलं. रस्त्यावरच्या माणसाचा गळा मला लांबून कळतो. माझ्याच घरात असतं तर मला दिसलं नसतं?" मग पावसाकडे बघत म्हणाले, "राग आहे तोवर बरं आहे हो. राग कधीतरी जाईल. रोग म्हटलं की... ती आजारी आहे असं मला म्हणायला लावू नका." तेव्हा मला कळलं, हे नुसतं आडमुठेपण नव्हतं. हा माणूस घाबरलेला होता. माझा राग निम्मा उतरला, पण निम्माच.

मी त्यांना विचारायचं सोडलं आणि काकींना गाठलं. सरळ सांगितलं असतं तर त्या तयार झाल्या नसत्या. म्हणून म्हटलं, "काकी, मला रक्त काढून घ्यायचंय, सुईची फार भीती वाटते. तुम्ही माझ्याबरोबर काढून घ्याल?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तांदूळ मोजून पंधरा दाणे बाजूला केले तेव्हा उत्तर आलं. "घाबरते कशाला गो, मी हाय ना."

रक्त काढायला स्कूटरवरून आली ती लॅबमधली मुलगी सरांचीच जुनी विद्यार्थिनी निघाली. काकींना बघितल्या बघितल्या तिने माझ्याकडे पाहिलं. बाहेर आल्यावर हेल्मेट हातात धरून उभी राहिली. "ताई, आमच्या सरांच्या घरात? सरांनी आम्हाला ह्याच पडवीत शिकवलं. मी काय तोंडाने रिपोर्ट देऊ त्यांना?"

रिपोर्ट तिने माझ्याकडे दिला आणि पळाली. माझ्या रिपोर्टात सगळं सरळ. काकींच्यात एक आकडा ठळक काळा, पुढे चांदणी, आणि तो जिथे असायला हवा होता तिथून इतका लांब, की मलासुद्धा कळलं. मी तो सरांच्या हातात ठेवला.

त्यांनी तो वाचला. चष्मा पुसला, परत वाचला. नाव वाचलं, वय वाचलं, जणू दुसऱ्या कोणाचा आला असेल. मला वाटलं आता लॅबला नावं ठेवतील. ते उठले आणि स्वयंपाकघरात गेले. मी मागून गेले, मला धीर निघेना. सरांनी माठातून पेला भरला. त्या घरात आलेल्या प्रत्येकाला त्यांनी पाणी पाजून गळा तपासला होता, आणि तो पेला दर वेळी आणून द्यायच्या काकी. देणारीला प्यायला कधी सांगितलंच नव्हतं.

"पी," ते म्हणाले. पेला पुढे करताना पाणी जमिनीवर सांडलं.

काकींनी हनुवटी वर केली, बहुतेक इतकी वर्षं बघून बघून. घोट घेतला. सर वाकून बघत राहिले. बऱ्याच वेळाने काकींनी विचारलं, "काय बघता?"

"बघायचं राहिलं होतं," सर म्हणाले, आणि तिथेच पाटावर बसून रडले. मी बाहेर आले. मला तिथे थांबायचा काही हक्क नव्हता.

दुसऱ्याच दिवशी आम्ही तिघं वसईत डॉक्टरबाईंकडे गेलो. तिथे सर पुन्हा सर झाले. त्यांनी डॉक्टरबाईंना इतके प्रश्न विचारले, की त्या म्हणाल्या, काका, पेशंट कोण आहे? गोळी छोटी, तिळाएवढी. मात्रा हळूहळू वाढवायची. रोज उठल्याबरोबर उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. त्यानंतर अर्धा तास चहा नाही, काही नाही, नाहीतर गोळी अंगी लागत नाही. काकी ऐकत होत्या, मीही ऐकत होते, सर वहीत लिहून घेत होते. घरी आल्यावर त्यांनी सुवाच्य अक्षरात कागद लिहून काकींच्या खाटेजवळ चिकटवला: 'गोळी साडेपाच. चहा साडेसहा.'

त्यानंतर दिवसाला काही फरक पडत नव्हता आणि महिन्याला पडत होता. आधी स्वेटर गेला. मग डाळीत मीठ एकदाच पडायला लागलं. उत्तर प्रश्नाच्या जवळ जवळ सरकत आलं. एक दिवस मी दारात विचारलं, "काकी, भाजी कु..." आणि आतून आलं, "वालाची! आणि त्यांना बोल, कालची वांगी किडकी होती, डोळे कुठं ठेवून आणता?" मी निरोप पोचवायला वळले तर सर मागेच उभे. त्यांनी ऐकलं होतं. मला म्हणाले, "तुम्ही आता ह्या कामातून मोकळ्या." आणि किडक्या वांग्यांचा असा आनंद मी कोणाच्या तोंडावर पाहिला नाही.

धीर आल्यावर त्यांनी एकदा चाफ्याचा विषय काढला. माफी मागायची होती बिचाऱ्यांना. काकी म्हणाल्या, "कुठला चाफा? तो कोपऱ्यातला? त्याला कीड लागलेली. मीच सांगणार होते काढा म्हणून." दीड वर्ष, तीन कलमं, एक लाल साडी आणि त्या पोह्यांचा डोंगर! सर दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत.

पण म्हणून काकींच्या मनात काहीच नव्हतं असं नाही. तिथेच सरांचा हिशेब पुन्हा चुकला. गोळीने सुस्ती घालवली, आणि तिच्याखाली चाळीस वर्षांचं सगळं जसंच्या तसं होतं. ते आता निघायला लागलं, रोज पहाटे, गोळी आणि चहा ह्यांच्या मधल्या तासात. चहाशिवाय काकींना दुसरं काही सुचत नसे, तेव्हा त्या बोलायच्या. भिंत पातळ, आम्हाला सगळं ऐकू यायचं. लग्नात सरांच्या आत्या काय बोलल्या. पहिल्या बाळंतपणानंतर न्यायला सर कसे चार दिवस उशिरा आले. नव्या संसारात त्यांनी बकऱ्याची अवटू ग्रंथी बरणीत घालून लोणच्याशेजारी कशी ठेवली, आणि काकींच्या भावाने ती कशी उघडली. सर मधून मधून "हो," "चुकलंच," "ती बरणी शाळेची होती गं," म्हणायचे. एकदा ते साडेसहाला आमच्या दारात आले, केस विस्कटलेले. "डॉक्टरबाईंना विचारता का, मात्रा जराशी जास्त तर होत नाही ना?" म्हणाले. मी म्हटलं, उद्या विचारते. तर लगेच, "नको नको, राहू दे. आहे ती बरोबर आहे." त्यांनाही पहाटेचा चहा लागायचा, साडेपाचच्या ठोक्याला. आता तेही तासभर न पिता तिच्या खाटेसमोर स्टूल घेऊन बसायचे.

तीन वर्षांनी आम्ही नायगावला स्वतःचा फ्लॅट घेतला. निघायच्या आदल्या दिवशी सर पडवीत कोणातरी नव्या माणसाला पाणी पाजत होते. मी काकींशी बोलायला मागच्या अंगणात गेले. त्या परडीतल्या फुलांचे वाटे बांधत होत्या, बोटं झरझर चालत होती. माझ्या मनात एक गोष्ट बरेच दिवस सलत होती. मी म्हटलं, "काकी, एक सांगू? डॉक्टरबाई अर्धा तास म्हणाल्या होत्या. सरांनी तासभर लिहून ठेवलंय. तुम्ही उगाच रोज इतका वेळ चहाशिवाय राहता. मी सरांना सांगू का?"

काकींनी दोरा दातांनी तोडला.

"मला नाय ठाऊक होय गो? माझ्याच पुढ्यात बोलली डॉक्टरीण." त्यांनी पडवीकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली केला. "अर्धा तास होत आला की, मी बोलत राहावं म्हणून, घड्याळ उचलून हळूच उशीखाली सारतात. त्यांना वाटतं मला दिसत नाय. एवढ्या वर्षांत माझ्यासाठी एवढं एकच खोटं बोललेत, बाय. तू काय सांगू नको."